साडेबाराची ओहोटी

पहाटे ४:३०
हाउलर माकडं ओरडायला लागली की तंबूत कुणी झोपून राहत नाही. कॉस्टा रिकाच्या ओसा द्वीपकल्पावर गजर लावावा लागत नाही. आमचा गाइड केव्हाच उठलाय आणि टॉर्चच्या उजेडात भरती-ओहोटीचा तक्ता बघतोय. आज पूर्ण ओहोटी दुपारी साडेबाराला; वाटेतली नदी त्याच सुमारास ओलांडायची. बाकी दिवस तिथून उलटा मोजत यायचं.

५:३०
फटफटलं. विंचवाच्या भीतीनं बूट उलटे करून झटकायचे, मगच पाय घालायचा. प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाणी. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक उद्यानात चालत नाही, म्हणून गाइड सगळ्यांच्या सॅक उघडून बघतो.

७:००
ला लेओना चौकी. परवाने, पासपोर्ट, वहीत नोंद. कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं. २०१४पासून गाइडशिवाय आत सोडत नाहीत. इथून आमच्या मुक्कामाचं सिरेना वनस्टेशन सोळा किलोमीटर. वाट कधी जंगलातून, कधी उघड्या वाळूवरून.

८:००
डोक्यावर टरफलांचा पाऊस. लाल मकावांची जोडी बदाम फोडतेय. झाड आपल्याकडच्या शाळांच्या पटांगणातलं, तेच रुंद पानांचं; मूळचं आशियातलं, इकडे येऊन रुजलेलं. पक्षी एका पायात फळ धरतो, चोचीनं फिरवत तासतो आणि आतली बी जिभेनं ओढून घेतो. सगळ्यांचे मोबाइल वर. गाइड घड्याळ दाखवतो: पाच मिनिटं, बस्स.

१०:००
साल्सिपुएदेस. खडकाचं टोक सरळ समुद्रात उतरलेलं. भरतीत इथे लाट कड्यावर आपटते. आता पाणी ओसरतंय, तरी शेवाळावर पाय सरकतोच. एकेक जण पुढे जातो. गाइड शेवटी.

११:१५
वाळू भट्टीसारखी तापली आहे. ओल्या पट्ट्यात टॅपिरचे ठसे. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. गाइड खाली बसून मोजून दाखवतो. कडा अजून ढासळलेल्या नाहीत, म्हणजे जनावर नुकतंच गेलेलं. मागावर जाऊ या का, असं कुणीतरी विचारतं. तो नुसती मान हलवतो. टॅपिर गाठता येईल, पण नदी नाही मिळायची.

१२:४५
रिओ क्लारो. गाइड काठी टेकत एकटा पलीकडे जातो, वर-खाली नजर टाकतो, परत येतो. या नद्यांच्या मुखांशी मगरी असतात, भरतीबरोबर बुल शार्कही आत येतात. मग आम्ही, एकमेकांचे दंड धरून. पाणी मांडीपर्यंत. दोन तासांनी हीच जागा ओलांडू दिली नसती.

१:४५
सिरेनाच्या अलीकडे चिखलात तो टॅपिर, किंवा त्याचा भाऊबंद, आडवा पडलाय. कानांच्या कडा पांढऱ्या, मानेवर गोचिडांचे पुंजके, सोंडेसारखं नाक झोपेतही हलतंय. गाइड हात आडवा धरून सगळ्यांना लांब थांबवतो. दिवसभरात जनावरं दाखवण्यापेक्षा माणसं आवरण्यातच त्याची जास्त शक्ती गेली.

३:००
स्टेशन. बूट काढायचे, अंघोळ, गोचिडी शोधणं. जेवण इथल्या खानावळीत: भात, काळा राजमा, तळलेली केळी.

६:००
अंधार झपकन पडतो. टॉर्चशिवाय पायरीही उतरायची नाही. तेर्सिओपेलो नावाचा विषारी साप वाटेवरच पडून असतो. मच्छरदाणीच्या आत शिरून आम्ही उद्या त्याच वाटेनं परत चालत जायचा हट्ट धरतो.

गाइड तक्ता पुढे करतो. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे उद्या दुपारी सव्वाएकच्या सुमारास. परत जाताना क्लारो सुरुवातीलाच लागते. ती उतरेपर्यंत थांबलं, तर साल्सिपुएदेसला पोचेस्तोवर भरती चढलेली आणि दिवस कलायला आलेला. येताना जुळलेलं गणित जाताना जुळत नाही.

म्हणून परत बोटीनं, द्राके उपसागरामार्गे.