वृद्धाश्रमासाठीं घर आणि कर्ज

सोलापूरजवळील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत वा तिच्या शेजारीं एखाद्या गृहस्थानें आपल्या वास्तूचा वृद्धाश्रम करावयाचें योजिलें, तर पहिला प्रश्न जागेचा असतो. पैशाचा त्यानंतर येतो. १९६२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड भाडेपट्ट्यानें दिलेले असतात. त्यांचा उपयोग बदलावयास अथवा ते तारण ठेवावयास महामंडळाची अनुमति लागते. जागा खासगी असली, तरी बँकेस कर्जाचा खरा हेतु सांगावा.

१२ लाख रुपये १० टक्के व्याजानें १० वर्षांसाठीं घेतल्यास हप्ता दरमहा सुमारें १५,८६० रुपये पडतो. खाटा रिकाम्या राहिल्या म्हणून तो थांबत नाहीं. यास्तव निम्म्याच खाटा भरतील असें धरून हिशेब करावा. तो न जुळल्यास रूपांतर आधीं एकाच दालनापुरतें ठेवावें. कर्ज थकलें, तर मालकाचें घर जातेंच, पण तेथें आश्रयास आलेलीं वृद्ध माणसेंही दुसऱ्यांदा निराधार होतात.