तद्विद्यसंभाषा आणि अनाहूत पत्रांचा उपद्रव

चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे महत्त्व विशद केले आहे. समान शास्त्र जाणणाऱ्यांनी परस्परांशी चर्चा केल्यास संशय फिटतो व ज्ञान वाढते. ई-मेलवरील चर्चागट हे या संभाषेचे एक सुलभ साधन होय. गटाच्या एका पत्त्यावर लिहिलेले पत्र सर्व सभासदांस पोहोचते. मात्र हीच सोय जाहिरातदारांच्याही पथ्यावर पडते. तेव्हा दार किती उघडे ठेवावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

हा उपद्रव जुनाच आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांस जाहिरात पाठविली. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी ग्रीन कार्ड सोडतीसंबंधीची आपली जाहिरात युजनेटवरील ५,००० हून अधिक चर्चागटांत टाकली. याचे कारण उघड आहे. टपालात प्रत्येक पाकिटास तिकीट लागते. ई-मेलमध्ये हजारावे पत्रही जवळजवळ फुकट जाते. ते निवडून काढण्याचे श्रम मात्र वाचकाच्या माथी येतात.

स्रोतोदुष्टीची उपमा येथे चपखल बसते. दार सताड उघडे ठेवल्यास अतिप्रवृत्ती होते, फार आवळल्यास संग होतो आणि चाळणी चुकल्यास उपयुक्त पत्राचे विमार्गगमन होऊन ते स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते.

प्रचलित उपायांपैकी पहिला म्हणजे केवळ सभासदांचीच पत्रे स्वीकारणे. याने बराच कचरा अडतो. परंतु प्रेषकाचा पत्ता बनावट घालता येतो, आणि खरा सभासद दुसऱ्या पत्त्यावरून लिहू लागला की तोच अडकतो. दुसरा उपाय शब्दांच्या चाळणीचा. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये लोकप्रिय केलेल्या पद्धतीत कोणते शब्द स्पॅममध्ये अधिक आढळतात यावरून पत्राची संभाव्यता ठरते. वैद्यांना येथे विशेष सावध राहावे लागते. स्थौल्य आणि वाजीकरण हे आपल्या चिकित्सेचे विषय, आणि वजन घटविणे व लैंगिक शक्ती हेच स्पॅमचेही आवडते विषय! तिसरा उपाय प्रेषकाची ओळख तपासण्याचा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने या तपासणीचा नियम कडक केला, तेव्हा चर्चागटांमार्फत पुढे गेलेली याहूच्या सभासदांची निर्दोष पत्रेही अनेक ठिकाणी नाकारली गेली. अखेर प्रेषकाच्या जागी गटाचा पत्ता घालण्याची युक्ती योजावी लागली.

यावरून आमचे मत असे की, दोन चुकांचे मोल सारखे नसते. एक जाहिरात आत आली तर क्षणाचा त्रास होतो. परंतु आडगावच्या वैद्याची रुग्णाविषयीची शंका नकळत गडप झाली, तर चर्चेचा हेतूच विफल होतो. म्हणून नवीन सभासदाचे पहिले पत्र तपासून मगच सोडावे. त्यानंतर त्यास मोकळीक द्यावी. संशयित पत्र नष्ट न करता राखून ठेवावे. दोन-तीन चालकांनी पाळीपाळीने तो कप्पा रोज पाहावा. पत्र अडविल्यास सभासदास कारण कळवावे. अनोळखी पत्त्यांवर मात्र आपोआप नकारपत्रे पाठवू नयेत. पत्ता बनावट असल्यास ती भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतात आणि आपणच स्पॅमचे वाहक ठरतो.

शेवटी एक पथ्य. चाळणी जाहिरातीसाठी आहे, मतभेदासाठी नाही. विमानस्थानात अनुकूल संधायसंभाषेबरोबरच विगृह्यसंभाषाही वर्णिली आहे. न रुचणारे मत स्पॅमच्या नावाखाली अडविले गेले, तर दार कितीही स्वच्छ राहिले तरी आतील संभाषा मात्र संपलेली असेल. चालकांनी सावध असावे, परंतु ती सावधगिरी संभाषा चालू ठेवण्यासाठीच आहे, याचा विसर पडू देऊ नये.