वेस्टरमार्क परिणाम

बालपणाची पहिली काही वर्षे एकत्र वाढलेल्या व्यक्तींना पुढे परस्परांविषयी लैंगिक आकर्षण न वाटण्याच्या प्रवृत्तीस वेस्टरमार्क परिणाम असे म्हणतात. फिनलंडचे समाजशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्क (१८६२–१९३९) यांनी ‘द हिस्टरी ऑफ ह्यूमन मॅरेज’ (१८९१) या ग्रंथात ही कल्पना मांडली. तिच्यानुसार ही विरक्ती रक्ताच्या नात्यामुळे नव्हे, तर बालपणातील सहवासामुळे निर्माण होते.

जैविक पार्श्वभूमी

जवळच्या नातेवाइकांमध्ये समान पूर्वजाकडून आलेले एकच सदोष अप्रभावी जनुक असण्याची शक्यता अधिक असते. असे जनुक आई व वडील या दोघांकडून मिळाल्यास अपत्यात आनुवंशिक विकार उद्भवू शकतो. अंतःप्रजनन गुणांक सख्ख्या भावंडांच्या अपत्यात १/४, मामा-भाचीच्या अपत्यात १/८, तर चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांच्या अपत्यात १/१६ असतो. मनुष्याला जनुके दिसत नाहीत. मात्र एका घरात वाढलेली मुले बहुधा भावंडेच असतात. त्यामुळे बालपणीचा सहवास ही नात्याची उपयुक्त खूण ठरते.

पुरावे

इस्रायलमधील किबुत्झ या सामूहिक वसाहतींत परस्परांशी नाते नसलेली मुले बालगृहात एकत्र वाढत. जोसेफ शेफर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिली सहा वर्षे एकाच गटात सलग वाढलेल्या मुलामुलींचे परस्परांशी विवाह आढळले नाहीत. तैवानमध्ये लहान मुलीला भावी सून म्हणून दत्तक घेऊन भावी पतीसोबत वाढवण्याची प्रथा होती. आर्थर वुल्फ यांच्या अभ्यासानुसार अशा विवाहांत अपत्ये कमी होत व घटस्फोट अधिक होत. मुलगी अगदी लहान वयात आलेली असल्यास हा परिणाम अधिक ठळक दिसे.

आक्षेप

जेम्स फ्रेझर यांनी असा प्रश्न उपस्थित केला, की निसर्गतःच जे कोणी करणार नाही, त्यावर कायद्याने बंदी का घालावी लागते? सिग्मंड फ्रॉइड यांनी ‘टोटेम अँड टाबू’ (१९१३) मध्ये हाच युक्तिवाद उचलून धरला; निषेध असतो तेथे मुळात इच्छा असते, असे त्यांचे मत होते. किबुत्झमधील पुराव्यावरही पुढे शंका घेण्यात आली. एकत्र वाढलेल्यांपैकी काहींनी परस्परांविषयी आकर्षण वाटल्याचे नंतरच्या मुलाखतींत सांगितले. रोमन काळातील इजिप्तच्या जनगणनेच्या नोंदींत भाऊ-बहिणीचे विवाह आढळतात. त्यांतील काही भावंडे दत्तक असावीत, असे काही अभ्यासक मानतात.

सामाजिक नियमांशी संबंध

विवाहाचे निर्बंध केवळ जैविक धोक्यावरून ठरत नाहीत. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह मान्य आहे. चुलत व मावस बहिणीशी मात्र तो निषिद्ध मानला जातो. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात या प्रथेची चर्चा केली आहे. जनुकीयदृष्ट्या ही सर्व नाती समान अंतराची असली, तरी चुलत व मावस भावंडे समाजात सख्ख्यांसारखी मानली जातात. याउलट सगोत्र विवाहाच्या निषेधात रक्ताचे नाते अतिशय दूरचे असू शकते. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार वडिलांकडून पाच व आईकडून तीन पिढ्यांपर्यंतचे सपिंड विवाह वर्ज्य आहेत. मात्र रूढीने मान्य असलेल्या विवाहांना त्यातून सूट आहे.