चिमुकल्या पायांची वेदना

केनिया, युगांडा, ब्राझील आदी देशांतील गरीब वस्त्यांमध्ये असंख्य मुले पायांच्या एका विकाराने ग्रस्त आहेत. वैद्यकशास्त्रात त्यास ‘टंगियासिस’ म्हणतात. जेमतेम एक मिलिमीटर लांबीची, रेतीत वाढणारी पिसू हे त्याचे कारण होय. मादी पिसू पायाच्या त्वचेत, विशेषतः नखांच्या कडेला व टाचेत शिरते. तेथेच रक्त शोषून ती वाटाण्याएवढी फुगते, शेकडो अंडी बाहेर टाकते आणि ४ ते ६ आठवड्यांत त्वचेतच मरते. जमिनीवर पडलेल्या अंड्यांतून मातीत नवी पिढी वाढते. म्हणूनच ज्या घराला फरशी नाही, पाणी दुरून आणावे लागते आणि मुले जमिनीवर निजतात, त्या घराची यातून सहजी सुटका होत नाही.

हा विकार सहसा प्राण घेत नाही, परंतु जगणे हिरावून घेतो. ग्रामीण केनियातील मुलांविषयीचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. खाज व वेदनेमुळे मुलांची झोप मोडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, धड चालता येत नाही आणि सवंगडी चिडवतात, असे त्यातून दिसून आले. गरिबीचा हा आजार अस्वच्छतेचा कलंक ठरतो व कुटुंबे तो लपवितात.

सुईने किंवा काट्याने पिसू उकरून काढण्याची रीत धोक्याची आहे. त्यातून धनुर्वात होऊ शकतो, तर एकच सुई अनेकांना वापरल्यास रक्तावाटे इतर रोग पसरतात. डायमेटिकोन हे तेलासारखे औषध लावल्यास पिसू गुदमरून मरते. मात्र घराची जमीन तशीच राहिली, तर रोग परततो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरूज व त्वचेवरील अन्य परजीवी विकारांचा दुर्लक्षित रोगांच्या यादीत समावेश केला.

खरूज तर आपल्याही वस्त्यांत व वसतिगृहांत आढळते. अशा मुलाला दूर बसविण्याऐवजी त्याच्यासह संपूर्ण कुटुंबावर एकाच वेळी उपचार व्हावेत, यासाठी आपण साहाय्य करू शकतो. शेवटच्या भोजनप्रसंगी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले (योहान १३). पवित्र गुरुवारी आपण त्या कृतीचे स्मरण करतो. दुखऱ्या पायांना पाणी, औषध आणि सन्मान मिळवून देणे, ही त्याच सेवेची वर्षभर चालणारी वाट आहे.