पूल हलतो? हलू द्या, पण मोजा!

उड्डाणपुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलायत. शेजारून भरलेला ट्रक जातो आणि बाइकसकट तुम्ही हलकेच खाली-वर होता. पोटात गोळा येतो ना? पण पूल हलला म्हणजे तो धोकादायक, असं नसतं. भार आला की वाकायचं, गेला की जागेवर यायचं, हे त्याचं कामच आहे. तेवढ्याच भाराला तो आधीपेक्षा जास्त वाकू लागला किंवा जागेवर परतेनासा झाला, तर मात्र काळजी करा.

हा फरक कधीकधी काही मिलिमीटरचाच असतो. नुसत्या डोळ्यांना तो कसा दिसणार? १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये त्याला फक्त किरकोळ दुरुस्ती हवी, असा शेरा होता.

म्हणूनच आता कॅमेरे आणि लेझर मदतीला आलेत. काठावर ट्रायपॉड लावायचा आणि पुलावरचा एखादा बोल्ट किंवा चिकटवलेली काळी-पांढरी खूण फ्रेममध्ये धरायची. ती किती पिक्सेल सरकली, हे सॉफ्टवेअर फ्रेमगणिक शोधतं. पुलाचा एक मीटर भाग फोटोत हजार पिक्सेल व्यापत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. साधं त्रैराशिक!

लेझरची ट्रिक वेगळी. ट्रेन जवळ येताना हॉर्न चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरतो, तोच हा डॉप्लर इफेक्ट. हलत्या पुलावरून परतलेल्या लेझरची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते. त्यावरून वेग कळतो आणि वेगावरून पूल किती सरकला ते.

अडचणीही आहेत. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरला तरी पूलच हलल्यासारखा दिसतो, म्हणून फ्रेममध्ये एखादी स्थिर वस्तूही लागते. त्यात ऊन! १०० मीटरचा स्टीलचा गर्डर १० अंशांनी तापला की साधारण १२ मिलिमीटर वाढतो. हा उन्हाचा खेळ की खरंच बिघाड, हे ओळखायला सगळ्या ऋतूंतली मोजमापं हवीत.

आतली गंजलेली सळई कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे हातोडी ठोकून बघणारा इंजिनीअर लागणारच. पण ऑडिट हा एका दिवसाचा फोटो असतो, रोजची मोजमापं म्हणजे पुलाचा व्हिडिओ. तेव्हा तुमच्या रोजच्या पुलाबद्दल ‘ऑडिट झालं का?’ एवढंच विचारू नका. ‘तो किती हलतो, हे कधीपासून मोजताय?’ हेही विचारा.