श्वासाची लय आणि रक्तदाब

उमरीच्या बाजारात सोयाबीनचे पोते उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. त्या क्षणी छातीतील व पोटातील दाब वाढतो आणि रक्तदाबही एकदम उसळी घेतो. निरोगी शरीर हे सोसते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास मात्र ते धोक्याचे ठरू शकते. जोर लावताना श्वास सोडावा, असे आम्ही अशा रुग्णांना आवर्जून सांगतो.

याहून महत्त्वाची गोष्ट धापेची. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला म्हणजे हृदयाचा डावा कप्पा जाड व ताठर होतो. त्यास रक्त भरून घेणे जड जाते, मागे तुंबलेल्या रक्ताचा भार फुप्फुसांवर पडतो आणि चार पायऱ्या चढताच दम लागतो. ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून घरची मंडळी याकडे दुर्लक्ष करतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

श्वास आणि रक्तदाब यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. १९२७ च्या मार्च महिन्यात कोल्हापूर मुक्कामी महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने ढासळली, तेव्हा पुढील विश्रांतीच्या काळात त्यांनी कुवलयानंदांचा पत्राने सल्ला घेतला होता.

मानेतील रोहिणीच्या भिंतीत दाब ओळखणारी सूक्ष्म केंद्रे असतात. दाब वाढताच ती मेंदूस सूचना देतात व हृदयाची गती मंदावते. उच्च रक्तदाबात ही केंद्रे बोथट होतात. एरवी आपण मिनिटास बारा ते वीस श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला असता केंद्रांची संवेदनक्षमता वाढते, असे आढळले आहे. परंतु याने उतरणारा दाब थोडाच असतो. प्राणायाम सुरू केला म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण आमच्या चिंतेचा विषय आहेत.

रोज दहा मिनिटे, ताठ बसून, श्वास न कोंडता, घेण्यापेक्षा सोडणे लांबवावे; गोळी वेळेवर घ्यावी. सपाट झोपताच गुदमरणे, पायांवर सूज येणे किंवा झोपेत घोरताना श्वास मध्येच थांबणे असे काही दिसल्यास नातेवाइकांनी पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णास तपासणीस आणावे.