गायरान गावाचं, मेंढपाळ कुणाचा?

दिवाळी सरली की नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर आपले वाडे, म्हणजे मुक्कामाचे तळ, उचलतात. बिऱ्हाड घोड्यावर, मेंढरं पुढे, वाट घाट उतरून कोकणाची. पाऊस लागायच्या सुमारास पुन्हा माळावर. वाटेत शेतात वाडा बसवायचा, लेंड्या-मुतानं रान खतवायचं, मोबदल्यात धान्य घ्यायचं, हा शेतकरी आणि धनगर यांच्यातला पिढ्यांचा व्यवहार.

पण अशा फिरत्या पशुपालकांची कुरणं इंग्रजी अंमलात आटत गेली. पूर्व आफ्रिकेत ब्रिटिशांनी १९०४ आणि १९११ मध्ये करार करून मसाई गुराख्यांना त्यांच्या उत्तम कुरणांतून हलवलं. मसाईंचा दावा १९१३ मध्ये कोर्टानं फेटाळला. नगर जिल्ह्यात असा करार झाला नाही, धनगरांना कुणी एका दिवसात उठवलं नाही. इथे माळ कायद्याच्या कागदावर आक्रसला. मला हे जास्त गंभीर वाटतं, कारण अशा नुकसानीविरुद्ध दाद मागायची कुठे?

१८१८ मध्ये पेशवाई गेली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची १८३५ च्या सुमारास इंदापुरात सुरू झालेली जमीन-सर्व्हेची पद्धत नगरकडेही आली. जमिनीला नंबर आणि आकार लागला. सरकारला सारा नांगरलेल्या जमिनीतून हवा होता. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, १८७८ मध्ये नगरवरून दौंड-मनमाड रेल्वे धावली. पडीक रान नांगराखाली जात राहिलं.

त्याच १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलात चराईवर बंधनं आणली. जंगलखात्यानं गरीब शेतकऱ्याच्या शेळीलाही चरायला जागा ठेवली नाही, ही तक्रार जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कळवळून मांडली आहे.

पण खरा घाव १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचा. कलम ३७ नं ज्या जमिनीवर कुणाची मालकी सिद्ध नाही ती सरकारची ठरली. कलम ३८ नं गावाच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन, म्हणजे गायरान, राखायची सोय झाली, आणि कलम ३९ नं सांगितलं की चरायचा हक्क त्या त्या गावाच्या गुरांपुरताच. गावकऱ्याला यानं आधार मिळाला, हे मान्य. पण जो वर्षातले कित्येक महिने एका गावाचा नसतोच, त्याची मेंढरं प्रत्येक गायरानात परकी ठरली. पूर्वी पाटलाशी बोलून, लोकर किंवा बकरं देऊन जे जमायचं, त्याला कायद्यात जागाच उरली नाही.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवं होतं. पण १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २३ मध्ये चराईचा हक्क पुन्हा गावाच्या गुरांपुरताच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईची दखल घेतली, पण ती वनजमिनीपुरती. गायरान बाहेरच राहिलं. दरम्यान भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवरेकाठी ऊस उभा राहिला, गायरानांवर अतिक्रमणं झाली.

जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, धनगर घरात जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचं नाव २०२४ मध्ये या जिल्ह्याला मिळालं. आता त्या नावाचा मान राखत संहितेच्या कलम २३ मध्ये फिरत्या मेंढपाळाच्या हंगामी चराईची तरतूद व्हावी, आणि ग्रामसभांनी वाड्यांच्या जुन्या वाटा व मुक्काम गावाच्या नकाशावर नोंदवून घ्यावेत.